जिभाऊंची मूठ

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आम्ही खानदेशी माणसं कानबाई बसवतो. गाव सोडून सुरतेला आलो, शेतं गेली, बैल गेले, बोलण्यात अर्धी गुजराती घुसली, पण कानबाई काही सुटली नाही. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात सोडायचे, अशी आमच्या घराण्याची रीत. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला कणभर द्यायचा नाही, परक्यानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, ताटं धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही. आणि गहू काढल्यापासून देवी नदीवर नेईपर्यंतच्या चार दिवसांत भाऊबंदांत कुठं कुणी गेलं किंवा जन्मलं, तर रोट मोडले. मग देवी बसत नाही, सगळं शिजवलेलं अन्न तापीत सोडायचं आणि वर्षभर जीव मुठीत धरून राहायचं. नावं घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मला सगळी नावं पाठ होती. कोण कडोदऱ्याला आहे, कोण धुळ्याकडं परत गेला, कुणाला मुलगा झाला, सगळं. लोक मला नंतर इतिहासकार म्हणाले. मी सुरुवात सुपापासून केली, एवढंच.

आमचं घर पर्वत पाटियाच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, कडोदऱ्याला लूमवर. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते घरातही ओरडूनच बोलत. 'मीठ दे' म्हणाले तरी चौथ्या घरातली बाई मीठ घेऊन यायची. अशा घरात गुपित टिकणार कसं! आमच्याकडे गुपित ठेवायला पहिला मीच शिकलो. माय साड्यांवर खडे चिकटवायची. तिच्या बोटांना कायम डिंकाचा वास, आणि भाकरीत हमखास एखादा चकाकता खडा यायचा. धाकटी बहीण रत्ना ते खडे जमवून ठेवायची. जिभाऊ म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. नाव सुकदेव, पण सगळी सोसायटी त्यांना जिभाऊच म्हणायची. ते सुरतेजवळच्या सचिन गावी कापड रंगवण्याच्या एका मिलमध्ये होते. आठवडाभर तिकडंच मजुरांच्या खोलीत राहायचे आणि रविवारी घरी यायचे. त्यांच्या हातांना रंग चढलेला असायचा. कधी निळे हात, कधी लाल. सुमनकाकी, त्यांची बायको, आमच्याजवळ राहायची. तिची मंगल तेव्हा सात महिन्यांची होती. जिभाऊ आले की ती आधी त्यांचे हात बघायची आणि म्हणायची, "ह्या आठवडाले कोनता रंग खाधा?"

मिलमध्ये जिभाऊंचं नाव जिभाऊंचं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. ते हिरालाल नावाच्या माणसाच्या कार्डावर काम करत. हिरालाल केव्हाच आपल्या गावी निघून गेला होता. ठेकेदार त्याच्या कार्डावर दुसरा माणूस उभा करायचा. हजेरीला 'हिरालाल' पुकारलं की जिभाऊ 'जी' म्हणत. याचं आम्हाला काही वाटायचं नाही. उलट आप्पा चिडवायचे, "काय हिरालालशेठ, च्या पिशात का?" जिभाऊसुद्धा हसायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, इतिहास विषय घेतला होता, ताम्रपटांवरची राजांची नावं घोकत होतो, आणि घरात एक माणूस दुसऱ्याच्या नावानं जगतोय याची मला जराही टोचणी नव्हती.

त्या साली मायला रोट पुरे करायचेच होते. तीन वर्षं ओळीनं मोडले होते. एकदा गावी चुलत आजोबा गेले. एकदा चुलत काकाच्या घरात मूल जन्मलं. तिसऱ्या साली रोटाच्या आदल्या दिवशी माझा सहा महिन्यांचा भाऊ तापानं गेला. माय रडली नाही. चुलीवरचं पुरण उतरवलं, पातेलं आप्पांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नदीवर जा." तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की मोडलेल्या रोटांनीच पोर नेलं. त्या उन्हाळ्यात रत्ना आजारी पडली. पंधरा दिवस ताप उतरेना. मायनं नवस केला की पोरगी उठली तर यंदा रोट तडीला नेईन. रत्ना उठली. पाय काड्यांसारखे झाले होते, पण उठली. त्यानंतर माय त्या रविवारची वाट ज्या भीतीनं बघत होती ती भीती मी रोज तिच्या तोंडावर वाचत होतो.

रविवार उजाडला. देवी बसली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, चुनडी नेसवली. घरात पुरणाचा, तुपाचा, डांगराच्या भाजीचा वास दाटला. गल्लीतले लूम त्या दिवशी बंद होते, त्यामुळे शेजारच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि त्या शांततेची सवय नसल्यानं आम्ही सगळे उगाच हळू बोलत होतो. आप्पासुद्धा! काकीनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. जिभाऊंनीच मागच्या रविवारी पाटियावरून आणलेल्या. मायनं मला गूळ आणायला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीजवळ सायकल धरून गौतमभाऊ उभे होते. ते जिभाऊंबरोबर मिलमध्ये कामाला होते, अकोल्याकडचे, बौद्ध. आमच्या घरी याआधी चार-सहा वेळा आले होते. दर वेळी ओट्यावर बसले होते, आणि दर वेळी मायनं त्यांना वेगळ्या पेल्यात पाणी दिलं होतं. तो पेला कोनाड्यात पालथा असायचा. ते त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

सायकल हाणून त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाबू, तुह्या घरी आज देवी हाये, मी आत नाही येत. तुह्या बापाले बाहेर बोलाव. नाही त तूच सांग. जिभाऊ गेले."

मी विचारलं, "कुठं गेले?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग सांगितलं. सकाळी रंगाच्या पाण्याची टाकी साफ करायला जिभाऊंना उतरवलं होतं. आत गॅस होता. वर काढलं तेव्हा जीव नव्हता. "ठेकेदार म्हणते हिरालाल मेला. कागद हिरालालचे करून राह्यले. तीन वाजाच्या आत घरचं कोनी आलं पाह्यजे, बाबू. येऊन म्हनलं पाह्यजे का हा आमचा मानूस हाये. नाही त हिरालाल म्हनून जाळून टाकतीन. मंग काहीच नाही राहत. समजलं?"

मी म्हणालो, समजलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगशीन ना?" मी म्हणालो, हो. ते तसेच उलट निघाले, कारण तिकडं जिभाऊंजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. पानाच्या गादीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. ते घड्याळ मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

घरापर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मी किती विचार केले म्हणून सांगू! पहिल्या दहा पावलांत मी रडत होतो. दारात पोचलो तेव्हा डोळे पुसलेले होते. दारातून मला दिसली ती माय. देवीपुढं पहिला रोट ठेवून ती हात जोडून बसली होती, आणि तिच्या मांडीवर रत्नाचं डोकं होतं. तीन वर्षांत मायचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. मी देवीला भ्यायलो असं लोकांना सांगायला सोपं पडलं असतं, एखाद्या सभेत टाळ्याही मिळाल्या असत्या. पण खरं सांगायचं तर मी त्या चेहऱ्याला भ्यायलो. मनात म्हटलं, नैवेद्य होऊ दे. बारा वाजता नैवेद्य होतो. मग आप्पांना बाहेर नेऊन सांगतो. बाराला निघालो तरी तीनच्या आत सचिन गाठता येतं.

काकीनं आतून विचारलं, "भिकन, देखं का रे? उनात का त्या?"

आणि मी बोललो. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप बोललो. "मिलमा अर्जंट ऑर्डर उनी, काकी. शेठनी कोन्हालेच सोडं नही. जिभाऊनी निरोप धाडा, उद्या येसू, मना रोट झाकी ठेवज्यात."

"खावानी याद बरी राहास त्यासले!" काकी हसली. मग विचारलं, कोण आलं होतं निरोप घेऊन? मी म्हणालो, कुणी नाही, रिक्षावाल्याबरोबर निरोप होता. कोणता रिक्षावाला? सचिनचाच, घाईत होता, थांबला नाही. तिनं विचारत जावं आणि मी रचत जावं. रिक्षाचं एक चाक वाकडं होतं हेसुद्धा मी सांगितलं. समीक्षक माझ्या बारकाव्यांचं कौतुक करतात तेव्हा मला ते वाकडं चाक आठवतं.

नैवेद्य बाराला झाला नाही. खीर लागली म्हणून पुन्हा केली, आणि एक वाजला. मी स्वतःशी म्हटलं, आता पानं वाढली आहेत, भरल्या पानावरून आप्पांना कसं उठवू. मग आम्ही जेवलो. मी दोन रोट खाल्ले, आणि ते मला चांगले लागले. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण चांगले लागले. जिभाऊंचा रोट काकीनं ताटलीत घालून वर दुसरी ताटली झाकली. दोन वाजले. आप्पा आडवे झाले. त्यांच्या उशाशी मी दोनदा जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "काही नही." काकी मंगलला पाळण्यात घालून झोके देत होती आणि हिरव्या बांगड्या वाजत होत्या. शेजारच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. मी मोजले. त्यानंतर सांगून उपयोगच नव्हता, असं मी ठरवलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

सोमवारी सकाळी देवी तापीवर नेली. बायका गात होत्या, काकी फुगडी खेळली, माय आणि काकी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. घरी परतल्यावर मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो आणि दारात उभं राहून सांगितलं, "गौतमभाऊ आत्ताच येऊन गेला. जिभाऊ गेले." काकीनं ऐकलं आणि ती खाली बसली. नुसती बसली. मंगलला घ्यायला तिनं हात पुढं केले, पण ते हात तिथपर्यंत पोचले नाहीत.

आप्पा, मी आणि सोसायटीतले चौघे टेम्पोनं सचिनला गेलो. गेटवर ठेकेदारानं रजिस्टर उघडून दाखवलं. "आ नामनो कोई माणस अहीं हतो ज नहीं." सुकदेव नावाचा माणूस तिथं कधी नव्हताच. हिरालाल मेला होता. हिरालालला काल चार वाजता अग्नी दिला होता. हिरालालच्या भावानं अंगठा उठवला होता आणि अस्थी घेऊन तो गेलाही होता. तो भाऊ कुठून उगवला, देव जाणे. आप्पा आयुष्यभर ओरडून बोलले, पण त्या गेटवर त्यांचा आवाज निघेना. "मना भाऊ शे तो," एवढंच पुन्हा पुन्हा, ओठातल्या ओठात. गौतमभाऊ तिथं नव्हते. साहेबांसमोर तोंड उघडलं म्हणून त्यांना आदल्या संध्याकाळीच कामावरून काढलं होतं. परत येताना टेम्पोत सगळे त्यांनाच शिव्या देत होते. त्या गौतमला एक दिवस आधी येऊन सांगता आलं नाही? पाय मोडले होते का? मी टेम्पोच्या फळीला धरून उभा होतो. पुढं ते एकदा सोसायटीत आले तेव्हा आप्पांनी ओट्यावरूनच त्यांना हाकलून दिलं. कोनाड्यातला पेलासुद्धा मायनं फेकून दिला.

त्याच आठवड्यात माय माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बरं व्हयनं, रोट व्हयी गयात मंग समजनं. देवीनी लाज राखी." तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. न ओरडण्यात मी एव्हाना तयार झालो होतो.

काकीनं बांगड्या फोडल्या नाहीत. बायका समजवायला आल्या, म्हाताऱ्या रागावल्या. तिचं एकच म्हणणं होतं. मेला तो हिरालाल, कागद पाहा. माझ्या माणसाचा कागद आणा, मग फोडते. कागद कुठून येणार! पुढच्या श्रावणात गहू काढायला मी सुपापुढं बसलो. आप्पांची मूठ घातली, माझी घातली, चुलत्यांची घातली. जिभाऊंचं नाव मी गाळलं. काकी पाठीमागं उभी होती. म्हणाली, "त्यासनी मूठ?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मेलेल्या माणसाची मूठ घालत नाहीत. मायनं मान हलवली, घाल बाबा, तिच्या समाधानासाठी. आप्पांनी पोत्यात हात घातला, तर काकी म्हणाली, "नही. भिकन, तूच घाल." त्यानंतर दर वर्षी हेच. मी प्राध्यापक झालो, पुस्तकं लिहिली, घर बदललं, माय गेली, आप्पा गेले. काकी आणि मंगल माझ्याकडेच राहिल्या. दर श्रावणात माझ्या पाठीमागं उभं राहून काकी म्हणायची, "भिकन, तूच घाल." मला वाटायचं, हिचा माझ्यावर जीव आहे. रोट मात्र ती खायची नाही. दात नाहीत म्हणायची. दात होते तेव्हाही हेच म्हणायची.

मी सुरतेत आलेल्या माणसांचा इतिहास लिहिला, तेव्हा गावोगाव फिरून रजिस्टरात नसलेली नावं गोळा केली. त्यावर मला मानसन्मान मिळाले. मिलमधल्या त्या मरणावर कादंबरी लिहिली. तीत पुतण्याला बातमी सोमवारी सकाळी कळते. मुद्रितं मी तीनदा तपासली, पण तो वार तसाच ठेवला. मग राजकारणातल्या मंडळींना कुणीतरी शिकलेला, बोलका आणि वादात न सापडलेला माणूस हवा होता. मी देवाधर्माच्या खात्याचा मंत्री झालो. काकी शपथविधीला आली होती, पहिल्या रांगेत, हिरव्या बांगड्या घालून. पहिल्याच वर्षी एका देवळाचं भांडण माझ्यापुढं आलं. एका पुजाऱ्यानं आपली पूजेची पाळी जाऊ नये म्हणून घरातलं मरण दोन दिवस लपवलं होतं. भाऊबंदांनी तक्रार केली. तो म्हातारा माझ्या टेबलापुढं हात जोडून रडत होता. मी त्याचा हक्क काढून घेण्याची शिफारस केली, आणि शेऱ्यात लिहिलं की ज्यानं मेलेल्याशी प्रतारणा केली त्याचा देवापुढं उभं राहण्याचा अधिकार संपतो. वाक्य छान उतरलं होतं. सचिवानं तसं म्हटलंसुद्धा. मी घरी येऊन जेवलो नाही, एवढंच काय ते प्रायश्चित्त!

या उन्हाळ्यात काकी आजारी पडली. दवाखान्यातून घरी आणलं, कारण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. मंगल औषधं आणायला गेली होती. काकीचे डोळे मिटलेले होते. मध्येच स्वच्छ आवाजात तिनं विचारलं, "भिकन, गौतमभाऊ कव्हय उना व्हता रे?"

मी म्हणालो, "सोमवारे, काकी. सकाळे."

"सोमवारे?"

"हां."

 मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्याला एक म्हातारा काठी टेकत आला. मी ओळखलं नाही. मंत्र्याच्या बंगल्यावर तेव्हाही तो पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. "मी गौतम," तो म्हणाला. पाण्याचा पेला माझ्या हातातून घेतला, प्यायला, आणि सांगायला लागला. जिभाऊ गेले त्याच आठवड्यात ते काकीला नळावर गाठून बोलले होते. "मी त्यायले सांगतलं का बाई, मी रयवारीच आल्तो. पोराले सांगतलं. माह्यावर बोल नका लावू." काकीनं हंडा खाली ठेवला होता आणि म्हणाली होती, कोणाला सांगू नका, पोरगा लहान आहे. "मंग म्हने, तो सोता सांगीन मले. त्याले सांगू द्या. म्हनून मी गप राह्यलो, साहेब. मले वाटलं, सांगतलं असन तुमी." उठताना ते म्हणाले, "त्या दिवशी मी सरळ घरात शिराले पाह्यजे होतं."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या मुठीपासून. मी वळून कधी बघितलं असतं तर तिच्या तोंडावर मला ते दिसलं असतं. ती चाळीस वर्षं माझ्या पाठीमागं उभी राहून वाट बघत होती, आणि शेवटी वाट बघायला वेळ उरला नाही तेव्हा तिनं स्वतः विचारलं. तेव्हाही मी सोमवारच सांगितला.

काल गहू काढले. सुपाशी मी आणि मंगल, दोघंच. ती आता शाळेत शिकवते. लग्न तिनं केलं नाही. माझ्या मुलाची मूठ घातली, नातवाची घातली, माझी घातली. मंगल पाठीमागं उभी होती. आईसारखाच तिचाही उभं राहण्याचा ढंग आहे. ती म्हणाली, "दादा, बाबांची मूठ?"

मी मुठीत गहू घेतले होते. ते परत पोत्यात सोडले आणि म्हणालो, "मंगल, इथं माझ्यासमोर बस. गौतमभाऊ सोमवारी आले नव्हते. रविवारी आले होते. साडेदहा वाजता."